मशीन कोणी पाडले: प्रोग्रॅमने की कर्नलने?

तुम्ही लिहिले आहे की लग्नाचे व्हिडिओ एडिट करताना एक्सपोर्ट निम्म्यावर आला की कधी नुसता एडिटिंगचा प्रोग्रॅम बंद होतो, कधी निळा पडदा येतो आणि एकदा तर पडदा काळा होऊन मशीन आपोआप पुन्हा सुरू झाले. दुकानदाराच्या मते सॉफ्टवेअर जड आहे म्हणून सिस्टिम बसते. इंजिनिअरिंगला असलेला तुमचा मावसभाऊ म्हणतो की साध्या प्रोग्रॅमला सिस्टिम पाडताच येत नाही, त्यामुळे दोष कर्नलचाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचाच. या दोघांपैकी खरे कोणाचे, असे तुम्ही विचारले आहे.

तत्त्व म्हणून तुमच्या भावाचे बरोबर आहे, पण त्याने काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. दुकानदाराचा निष्कर्ष चुकीचा आहे, पण त्याचे निरीक्षण खोटे नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे हे प्रकरण असते. फरक इतकाच की आपल्या धंद्यातला कावळा खरोखर जड असतो, त्यामुळे तो बसल्यावरच फांदी मोडते हे लोकांना रोज दिसते आणि फांदी आतून कुजली होती का, हे कोणी पाहत नाही. मी गेली वीसेक वर्षे सर्व्हर आणि ऑफिसातली मशीन सांभाळण्याचे काम करतो आहे आणि त्यातला बराचसा वेळ निमित्त कोणते आणि कारण कोणते हे वेगळे करण्यातच जातो.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ‘सिस्टिम क्रॅश झाली’ या एका वाक्यात लोक निदान चार वेगळ्या घटना कोंबतात. नुसता प्रोग्रॅम बंद पडणे ही एक, पडदा गोठून माऊससुद्धा न हलणे ही दुसरी, निळा पडदा किंवा लिनक्सवरचे कर्नल पॅनिक ही तिसरी आणि काहीही संदेश न देता मशीन एकदम बंद होणे किंवा रीस्टार्ट होणे ही चौथी. या चौघांचे संशयित वेगवेगळे आहेत. तुमच्याकडे यातल्या तीन घटना आलटून पालटून घडत आहेत आणि माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तोच आहे. त्याकडे शेवटी येतो.

आता साध्या प्रोग्रॅमला सिस्टिम का पाडता येत नाही ते पाहू. प्रोसेसरमध्ये अधिकारांचे स्तर असतात. इंटेलच्या रचनेत त्यांना रिंग म्हणतात. कर्नल रिंग शून्यमध्ये चालते आणि आपले नेहमीचे प्रोग्रॅम रिंग तीनमध्ये. प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचा स्वतःचा असा एक नकाशा दिलेला असतो आणि त्या नकाशात नसलेल्या जागेला त्याला हात लावता येत नाही. समजा, प्रोग्रॅमरच्या चुकीमुळे एखादा पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारी जागा) रिकामा राहिला आणि प्रोग्रॅमने शून्य या पत्त्यावरून काही वाचायचा प्रयत्न केला. प्रोसेसर ती सूचना तिथेच अडवतो आणि ताबा कर्नलकडे देतो. कर्नल त्या प्रोग्रॅमचा नकाशा तपासते, तिथे असा पत्ताच नाही हे पाहते आणि प्रोग्रॅमला बंद करते. लिनक्सच्या लॉगमध्ये ‘सेगफॉल्ट’ अशी एक ओळ उमटते, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन एरर’ या नावाने १००० क्रमांकाची नोंद होते आणि बाकीचे मशीन काहीच न घडल्यासारखे चालू राहते. तुमचा एडिटर जेव्हा एकटाच बंद पडतो, तेव्हा नेमके हे घडलेले असते.

हीच चूक कर्नलच्या आत झाली, तर मात्र दाद मागायला वर कोणी उरत नाही. तिथे कर्नलपुढे दोन वाटा असतात. काहीच झाले नाही असे मानून पुढे चालत राहावे किंवा सगळे थांबवावे. पुढे चालत राहणे जास्त धोक्याचे असते, कारण ज्या मेमरीत आत्ता गोंधळ झाला आहे तिच्यातूनच डिस्कवर काय लिहायचे हे ठरत असते. म्हणून कर्नल मुद्दाम थांबते आणि थांबण्याआधी मेमरीचा पंचनामा डिस्कवर ठेवते. निळा पडदा हा अपघात आहे असे सगळे समजतात, पण खरे तर तो विचारपूर्वक ठेवलेला ब्रेक आहे. (लिनक्स याबाबतीत थोडे सैल आहे. कर्नलमधली चूक एखाद्या प्रोसेसपुरती, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रॅमपुरती, मर्यादित दिसली, तर ते ‘ऊप्स’ अशी नोंद करते, ती प्रोसेस मारते आणि बऱ्याचदा पुढे चालत राहते. अशा मशीनवर मी तरी फार वेळ विसंबत नाही. सोयीची वेळ बघून ते रीबूट करतो.)

मग ‘जड सॉफ्टवेअरने सिस्टिम बसते’ हा समज आला कुठून? तो एके काळी शब्दशः खरा होता. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये सिस्टिमच्या स्वतःच्या कामाच्या मेमरीचा काही भाग साध्या प्रोग्रॅमलाही लिहिता येत असे. जुन्या मॅक ओएसमध्ये तर प्रोग्रॅममध्ये भिंतीच नव्हत्या आणि एका प्रोग्रॅमने प्रोसेसर सोडलाच नाही, तर बाकीचे ताटकळत बसत. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनात बिल गेट्स व्यासपीठावर असताना विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला गेला आणि हजारो लोकांसमोर निळा पडदा आला, हे दृश्य अजूनही इंटरनेटवर फिरते. पुढे २००१ मध्ये विंडोज एक्सपीने घरगुती वापरकर्त्यांना विंडोज एनटी या मायक्रोसॉफ्टच्या भिंती असलेल्या सिस्टिमच्या पायावर आणले, त्याच वर्षी मॅक ओएस टेन आले आणि भिंती पक्क्या झाल्या. ज्यांनी संगणकाची दुरुस्ती त्या आधीच्या काळात शिकली, त्यांची बोलण्याची सवय मात्र तीच राहिली. तुमचा दुकानदार बहुधा त्याच पिढीतला असावा. मीही आहे.

इथपर्यंत तुमच्या भावाचा मुद्दा टिकतो. पण ‘म्हणजे दोष कर्नलचा’ असे म्हणताना कर्नल ही एकाच कारागिराने घडवलेली वस्तू आहे असे तो धरून चालतो आणि तिथे गफलत होते. रिंग शून्यमध्ये मायक्रोसॉफ्टच्या किंवा लिनक्सच्या मूळ कोडच्या मांडीला मांडी लावून ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर (म्हणजे ते कार्ड चालवणारा कोड), वायफायचा ड्रायव्हर, अँटिव्हायरसचा तुकडा आणि प्रिंटरबरोबर आलेले काहीबाही असे सगळे बसलेले असते. त्या सर्वांना सारखेच अधिकार असतात आणि त्यांच्यामध्ये भिंत नसते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सच्या कोडची यांत्रिक तपासणी केली, तेव्हा ड्रायव्हरमधल्या चुकांचे प्रमाण कर्नलच्या उरलेल्या भागाच्या तीन ते सात पटींपर्यंत निघाले. माझा अनुभव याहून वेगळा नाही. निळ्या पडद्यांच्या ज्या फाइली मी उघडून पाहिल्या, त्यांत मूळ कर्नलचीच चूक आहे असे शेवटी सिद्ध झालेले प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

याचे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलेले उदाहरण म्हणजे १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभरच्या विंडोज मशीनवर एक छोटी फाइल पाठवली. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती बाहेर पडली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात सुमारे ८५ लाख मशीन पडली. मुंबईसह आपल्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांना प्रवाशांचे चेक-इन हाताने करावे लागले आणि हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो दिवसभर सगळीकडे फिरत होते. आत घडले ते असे: कर्नलमध्ये चालणाऱ्या त्यांच्या घटकाला नव्या नियमासाठी २१ रकाने वाचायचे होते आणि प्रत्यक्षात त्याला २० च दिले गेले होते. एकविसावा वाचायला तो मेमरीतल्या भलत्याच जागी गेला आणि तिथे कर्नलने ब्रेक लावला. आता हा दोष कोणाचा म्हणायचा? विंडोजच्या कर्नलने तर आपले काम चोख केले. कोणताही साधा प्रोग्रॅम यात नव्हता. पाठवलेली फाइल हा कोड नव्हता, ती नुसती माहिती होती. दोष त्या माहितीची खातरी न करता ती रिंग शून्यमध्ये वाचणाऱ्या तिसऱ्याच घटकाचा होता. ‘कर्नल की प्रोग्रॅम’ या दोन रकान्यांत हे प्रकरण बसत नाही आणि रोजच्या कामातली बहुतेक प्रकरणे अशीच असतात.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण ‘प्रोग्रॅमला सिस्टिम पाडताच येत नाही’ या वाक्यात एक अट दडलेली आहे. प्रोग्रॅम साधा हवा, म्हणजे तो मर्यादित अधिकारांत चालणारा हवा. ॲडमिनिस्ट्रेटर किंवा रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार दिलेला प्रोग्रॅम सिस्टिमच्या आधारस्तंभासारख्या एखाद्या प्रोसेसलाच मारू शकतो. तसे झाले की विंडोज ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ म्हणत थांबते आणि लिनक्सवर पहिली प्रोसेस मेली की कर्नल पॅनिक होते. तिथे कर्नलला दोष देण्यात अर्थ नाही, कारण किल्ली आपणच दिलेली असते.

दुसरा प्रकार मशीन गुदमरण्याचा. एका सहकारी बँकेत महिनाअखेरीला ‘सर्व्हर क्रॅश झाला’ म्हणून मला बोलावले होते. जाऊन पाहिले तर लिनक्सचा सर्व्हर व्यवस्थित चालू होता. बंद पडला होता तो फक्त डेटाबेस. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ होती आणि पुढे मारलेल्या प्रोसेसचे नाव डेटाबेसचे होते. नव्या मुलाने लिहिलेली अहवालाची एक स्क्रिप्ट वर्षभराची सगळी खतावणी एकाच वेळी मेमरीत ओढत होती. मेमरी संपत आली तेव्हा कोणाला मारायचे हे कर्नलला ठरवावे लागले आणि ते ठरवताना कोणी किती मेमरी धरून ठेवली आहे हेच मुख्यतः पाहिले जाते. सर्वांत जास्त मेमरी डेटाबेसकडे होती, त्यामुळे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि स्क्रिप्ट मजेत चालू राहिली. हा दोष स्क्रिप्टचा होता, तसाच तिला मेमरीची मर्यादा न घालणाऱ्या माझ्यासारख्या व्यवस्थापकांचाही होता. कर्नलकडे बोट दाखवायला तिथे फारसा वाव नव्हता. आम्ही अहवालाच्या सेवेला सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून कमाल मेमरी ठरवून दिली, मारण्याच्या यादीत डेटाबेसला मागे ढकलले आणि स्क्रिप्ट तुकड्यातुकड्यांनी वाचेल अशी केली.

तिसरा प्रकार दुर्मीळ, पण तुमच्या भावाला आवडेल असा आहे. १९९७ मध्ये पेंटियम प्रोसेसरमध्ये एक खोट सापडली. फक्त चार बाइटची एक चुकीची सूचना कोणत्याही साध्या प्रोग्रॅमने चालवली की अख्खा प्रोसेसर गोठत असे. ही खोट एफ-झिरो-झिरो-एफ या नावाने ओळखली जाते. तिथे साध्या प्रोग्रॅमने सिस्टिम खरोखर पाडली, तरीही दोष प्रोग्रॅमचा नव्हता आणि कर्नलचाही नव्हता. प्रोसेसर बदलणे शक्य नव्हते, म्हणून शेवटी कर्नल लिहिणाऱ्यांनीच आपल्या कोडमध्ये पळवाट काढून ती खोट झाकली. दोष कोणाचा आणि दुरुस्ती कोणाकडे, ही दोन उत्तरे वेगवेगळी असू शकतात, म्हणून मी ‘दोषी कोण’ या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही.

यावरून मी हार्डवेअरकडे येतो, कारण माझा खरा संशय तिथे आहे. काही वर्षांपूर्वी एका छापखान्यात दिवाळी अंकांच्या ऐन हंगामात पानांची मांडणी करणारे एक मशीन रोज दोनतीनदा निळा पडदा दाखवू लागले. लहान कामे सुरळीत होत, पण फोटोंची पाने उघडली की गाडी अडायची. सगळ्यांचे एकमत होते की मांडणीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती खराब आहे. ते दोनदा काढून पुन्हा टाकले होते, विंडोजही एकदा नव्याने घातले होते. मी रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून घरी गेलो. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. प्रत्येक ओळीत लिहिलेला आकडा आणि परत वाचलेला आकडा यांत एकाच बिटाचा फरक होता आणि पत्ता दरवेळी तोच होता. गणपतीच्या सुमारास बसवलेली रॅमची नवी पट्टी सदोष होती. लहान कामात त्या जागेपर्यंत वापर क्वचित पोहोचत असे आणि फोटोंची पाने उघडली की सगळी मेमरी भरून जाई. ते बिट ज्याच्या वाट्याला येई, तो पडे. कधी मांडणीचा प्रोग्रॅम, कधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कधी खुद्द कर्नल. पट्टी काढली आणि त्याच ‘खराब’ सॉफ्टवेअरवर अंक वेळेत छापून झाला. रॅम इतकी बेभरवशाची असू शकते यावर तिथल्या लोकांचा विश्वास बसत नव्हता, पण गूगलच्या सर्व्हरवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका नोंदल्या गेल्या होत्या. सर्व्हरच्या रॅमला चुका पकडणारी जादा बिटे असतात, म्हणून त्या मोजता तरी आल्या. आपल्या घरगुती मशीनला सहसा ती नसतात.

आता तुमच्या मशीनकडे वळू. तुम्ही निळ्या पडद्याचे दोन फोटो दिले आहेत. एकावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ आहे, दुसऱ्यावर ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ आहे. तिसऱ्या वेळी काही संदेशच आला नाही. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल, तर मशीन बहुधा दरवेळी एकाच तऱ्हेने पडते आणि मिनीडंपमध्ये, म्हणजे त्या पंचनाम्याच्या छोट्या फाइलमध्ये, तेच नाव पुन्हा पुन्हा येते. दरवेळी वेगळा संदेश येणे, मध्येच एकटा प्रोग्रॅम पडणे आणि मध्येच संदेशाशिवाय रीस्टार्ट होणे, असे तिन्ही एकत्र दिसले की मी आधी रॅम आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तपासतो. त्यात तुम्हीच लिहिले आहे की तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होणार म्हणून तुम्ही रॅमची दुसरी पट्टी आणि नवे ग्राफिक्स कार्ड एकाच आठवड्यात बसवले. एक्सपोर्ट हे असे काम आहे की ते रॅम भरते, ग्राफिक्स कार्डाला पूर्ण ताणते आणि एसएमपीएसकडून सर्वाधिक वीज ओढते, त्यामुळे कमकुवत दुवा नेमका तिथेच तुटतो. तरीही ही शक्यता आहे, निदान नव्हे. नुसता ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुळत नसल्यानेही असे होऊ शकते, फक्त तेव्हा आधी पडदा क्षणभर काळा होऊन परत येण्याचे प्रकार सहसा दिसतात, कारण कार्डाने दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही तर विंडोज व्हिस्टापासून त्याचा ड्रायव्हरच नव्याने सुरू करण्याची सोय आहे.

आणखी एक गैरसमज दूर करतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तुम्हाला ‘कर्नल-पॉवर’, क्रमांक ४१ ही नोंद दिसली आणि तिच्यावरूनच तुमच्या भावाने कर्नलला आरोपी ठरवले. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाले नव्हते. घरातली वीज गेली तरी हीच नोंद होते. तसेच डंपमध्ये ‘एनटी-ओएस-कर्नल’ या विंडोजच्या कर्नलच्या फाइलचे नाव आले म्हणजे दोष त्याचा, असेही नाही. पडले कुठे एवढेच तिथे लिहिलेले असते. मेमरी कोणी आणि कधी बिघडवली हे त्यातून लगेच कळत नाही.

विंडोज नव्याने टाकायचा दुकानदाराचा सल्ला सध्या बाजूला ठेवा, त्यात एक दिवस जाईल आणि पुरावाही पुसला जाईल. आधी ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ हा पर्याय बंद करा, म्हणजे निळा पडदा वाचता येईल इतका वेळ टिकेल. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी चालू असेल, तर तेही बंद करा. मग नवी पट्टी काढून फक्त जुन्या पट्टीवर तोच व्हिडिओ तीन वेळा एक्सपोर्ट करा आणि त्यानंतर जुनी काढून त्याच खाचेत नवी बसवून पुन्हा तीन वेळा करा. ज्या पट्टीवर मशीन पडेल, तिच्यावर रात्रभर मेमटेस्ट लावा आणि एकही लाल ओळ आली तर हमीत ती बदलून घ्या. दोन्ही पट्ट्यांवर मशीन पडले, तर कॅबिनेट उघडून एसएमपीएसच्या लेबलचा फोटो टाका. त्यावरचा नुसता वॅटचा आकडा मला पुरणार नाही, १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिले आहेत ते दिसले पाहिजे. शिवाय कार्डाचे मॉडेलही लिहा.